एमडी पॅथॉलॉजी झालंय, आता पीएचडी करावी का? आणि बेळगावात राहून होईल का?

काचपट्टी | १४ जुलै, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातली. एमबीबीएस, एमडी पॅथॉलॉजी दोन्ही कर्नाटकातच झालं, सीनियर रेसिडेन्सीचं वर्षही झालं, आता दीड वर्ष बेळगावात एका खाजगी लॅबमध्ये आहे. काम आवडतं. पण गेले सात-आठ महिने एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. तोंडाच्या बायोप्सी येतात, गालाच्या आतल्या बाजूचा तुकडा, फॉर्मवर वय ३१, वय ३४, आणि शेजारी सर्जनने लिहिलेलं असतं की तोंड दोनच बोटं उघडतं. भिंगाखाली वरचा थर झिजून पातळ झालेला, खाली सगळं कोलॅजन, काचेसारखं गुलाबी, एकही रक्तवाहिनी धड मोकळी नाही, आणि एका कोपऱ्यात कॅन्सर सुरू झालेला. सुपारी आणि गुटख्याचा सबम्यूकस फायब्रोसिस. मी रिपोर्ट लिहिते, सही करते, ट्रे पुढे जातो, दुसरा ट्रे येतो. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला कधीच कळत नाही.

मला हे शोधायचंय की असा फायब्रोसिसवर उठलेला कॅन्सर आणि फायब्रोसिस नसताना झालेला कॅन्सर, हे खोलवर जाण्यात, गळ्याच्या गाठींत पसरण्यात वेगळे वागतात का. यासाठी पीएचडी करावी असं मनात आलंय. घरचे म्हणतात डॉक्टर तर झालीस की, अजून कसली डॉक्टर व्हायची? लग्नाचं बघायचंय, आत्याच्या जावेच्या पुतण्याचं स्थळ आलंय वगैरे ते वेगळंच.

तर प्रश्न: एमडीनंतर पीएचडीचा खरंच उपयोग होतो का? बेळगावात राहून, नोकरी सांभाळून होते का? की बंगळूर, मुंबई किंवा परदेशच गाठावं लागतं? ज्यांनी केलीय, करतायत किंवा सोडलीय, त्या सगळ्यांनी सांगा.

येळ्ळूरकर | १४ जुलै, रात्री १०.४१

मला यातलं काही कळत नाही, पण "त्या माणसाचं पुढे काय झालं" हे वाचून थांबलो. करा ओ मॅडम. आणि घरच्यांना सांगा, पाटीवर डॉ. दोनदा लिहिता येतं, पाटी जरा मोठी करून घेऊ 😀

घटप्रभा | १४ जुलै, रात्री ११.१५

मी विरोधात लिहिणार आहे, रागावू नका. मी पण पॅथॉलॉजिस्ट, चिकोडी भागात स्वतःची लॅब, बारा वर्षं झाली. एमडीनंतर असिस्टंट प्रोफेसर व्हायला पीएचडी लागत नाही, एमडी, एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी आणि चेन्नईच्या एनआयई या सरकारी संशोधन संस्थेचा तो ऑनलाइन रिसर्च कोर्स एवढं झालं की बास. पुढच्या बढतीला पेपर लागतात, पीएचडी नाही. प्रायव्हेटमध्ये तर पेशंट कुठं विचारतोय की तुमची पीएचडी कशावर होती, त्याला रिपोर्ट उद्या सकाळी पाहिजे असतो. वय तिशीच्या आत आहे, हीच वर्षं लॅब उभी करायची, मशीनचं कर्ज फेडायची, हात बसवायची. प्रश्न पडलाय तर एक चांगला पेपर लिहा की, त्याला पाच वर्षं कशाला घालवायची.

मायक्रोटोमवाले_काका | १५ जुलै, सकाळी ६.५०

मॅडम नमस्कार. मी टेक्निशियन, हिस्टोपॅथॉलॉजीत सत्तावीस वर्षं काढली, आता रिटायर आहे, अनगोळला असतो. पीएचडीचं मला कळत नाही पण ब्लॉकचं, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचं, कळतंय.

आमच्याकडं किती तरी जण संशोधनाला म्हणून आले, यादी घेऊन यायचे, काका हे साठ ब्लॉक काढून द्या. त्यातले निम्मे कापायच्या लायकीचे नसायचे. कारण काय तर तुकडा ऑपरेशन थिएटरातून निघतानाच बिघडलेला असतोय. छोट्या दवाखान्यातनं गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून पाठवतात, कधी फॉर्मॅलिनऐवजी सलाईनमध्ये, कधी बाटली एवढीशी आणि तुकडा कोंबून बसवलेला. तुकड्याच्या दहा पट तरी फॉर्मॅलिन पाहिजे. आत पोचलंच नाही तर मधला भाग कुजतोय, मग त्यावर नुसता एच अँड ई, नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग, पण नीट येत नाही, तुमचं ते अँटिबॉडी लावून करायचं इम्युनो कुठनं येणार.

आणि मॅडम, कापायला शिका. डॉक्टर लोक कापत नाहीत, म्हणतात टेक्निशियन आहे की. पण ब्लॉक बर्फावर ठेवून, मेण घट्ट झालंय का बघून, मग मायक्रोटोमचं, म्हणजे कापायच्या मशीनचं, चाक फिरवताना पातळ कापांची जी रिबन निघते, त्या रिबनीत कुठं चरा आला, कुठं घडी पडली ते हाताला कळतंय. ती घडी पुढं भिंगाखाली तुम्हाला पेशींचा थर जाड झाल्यासारखी दिसणार आणि तुम्ही खोली चुकीची मोजणार.

मलप्रभा | १५ जुलै, दुपारी १.०५

काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून रेसिडेंट रूममध्ये लावण्यासारखा आहे.

काचपट्टी, मी एमडीनंतर पीएचडी केली, नोकरी करत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी नियम. यूजीसीचे २०२२ चे नियम बघा. पीएचडी कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी २. बायकांना यावर अजून २ वर्षांची सवलत आहे, आणि मातृत्वाची रजा २४० दिवसांपर्यंत मिळते, हे घरी स्थळाची चर्चा निघेल तेव्हा मुद्दाम सांग. पार्ट टाइम चालते, फक्त जिथे नोकरी करतेस त्यांचं ना हरकत पत्र लागतं. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएचडी मात्र मान्य नाही, तसल्या जाहिराती आल्या तर सरळ डिलीट. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात रिसर्च मेथडॉलॉजी आणि प्रकाशनाची नीतिमत्ता असते. सबमिशनआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, पण विद्यापीठं आपापली अट ठेवू शकतात, तेव्हा नियमपुस्तिका ओळ न ओळ वाच.

आता मुद्द्याचं. तुझा प्रश्न छान आहे, पण तुझ्या लॅबमधल्या बायोप्सीवर तो सुटणार नाही. छोट्या बायोप्सीत खोली मोजताच येत नाही, तुकड्याचा तळच कापलेला असतो. तुला लागणार ऑपरेशन करून काढलेला पूर्ण गालाचा भाग आणि त्यासोबत गळ्याच्या गाठी. म्हणजे हेड-नेक सर्जरी चालते अशा मोठ्या हॉस्पिटलशी जोडून घ्यावं लागणार. कॅन्सरच्या स्टेजिंगची आठवी आवृत्ती आली तेव्हापासून तोंडाच्या कॅन्सरमध्ये ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर खोली या रेषांना फार वजन आलंय, टी१ चा टी२, म्हणजे गाठीची पायरी एकने वर, होतो नुसत्या खोलीवर. आणि ही खोली मोजायची ती शेजारच्या निरोगी थराच्या तळपडद्यापासून सरळ लंब टाकून. फायब्रोसिसमध्ये तो शेजारचा थरच पातळ झालेला असतो आणि खालचं सगळं आवळलेलं. मग लंब टाकायचा कुठून? अगं, तुझी पीएचडी इथेच आहे. वेगळे वागतात का हा दुसरा प्रश्न, आधी आपल्या दोघींना एकाच गोष्टीची एकच लांबी मिळते का ते बघ.

घटप्रभा सरांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. बढतीसाठी, पगारासाठी करायची असेल तर करू नकोस.

काचपट्टी | १५ जुलै, रात्री ९.३०

मलप्रभा मॅडम, लंबाचं वाचून मी आज लॅबमध्ये तीन जुन्या स्लाइड काढून बसले. खरंच, एकाच स्लाइडवर दोन ठिकाणांहून मोजलं तर एकदा ४.६ आणि एकदा ५.३ आलं. म्हणजे तोच पेशंट, तीच काच, आणि स्टेज बदलली. मला एमडीत हे कुणी शिकवलं नव्हतं. (हो, बायोप्सी नाही, एक छोटी वाइड एक्सिजन, म्हणजे आजूबाजूच्या भागासकट काढलेली गाठ, होती आमच्याकडे आलेली.)

काका, कापायला शिकवाल का? खरंच विचारतेय.

घटप्रभा सर, रागावले नाही. कर्जाचं तुम्ही म्हणता ते घरीही बाबा तेच म्हणाले.

लालपेशी | १५ जुलै, रात्री १०.०२

धाग्यात घुसतोय, सॉरी. मी एमएस्सी करतोय, मेडिकल साइडचं. मला पण पॅथॉलॉजीत पीएचडी करायची इच्छा आहे. एमबीबीएस नसताना करता येते का? नंतर मेडिकल कॉलेजात शिकवता येतं का?

मलप्रभा | १५ जुलै, रात्री १०.३०

लालपेशी, बऱ्याच विद्यापीठांत एमएस्सीवाल्यांना पॅथॉलॉजी विभागात किंवा गाइडखाली पीएचडी करता येते, पात्रता ज्या त्या विद्यापीठाची बघ. पण एक गोष्ट आत्ताच डोळे उघडे ठेवून समजून घे. बायोप्सीच्या रिपोर्टवर सही करायचा हक्क पीएचडीने मिळत नाही, त्याला पॅथॉलॉजीतलं वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणच लागतं. आणि मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री अशा विषयांत एमएस्सी-पीएचडी शिक्षकांना जागा असते, पॅथॉलॉजी त्या यादीत नाही. तुझा रस्ता संशोधनाचा आहे, कॅन्सर बायोलॉजी, मॉलिक्युलर लॅब, आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्था. तिथे तू आमच्यापेक्षा पुढे जाशील, पीसीआरसारखं डीएनएचं काम आमच्या हाताला तुझ्याइतकं बसलेलं नसतं. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा दे, सध्या पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर वरच्या पायरीला, एसआरएफला, ४२,००० मिळतात, वर घरभाडं. आपल्या नेहरूनगरातच आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॅडिशनल मेडिसिन आहे, २००६ पासून आहे, एकदा जाऊन बघ तरी.

लालपेशी | १५ जुलै, रात्री १०.३४

रोज त्याच गेटसमोरून कॉलेजला जातो मॅडम 🙏 उद्याच जातो.

परदेशी_पाखरू | १६ जुलै, पहाटे ४.१०

गडहिंग्लजचा आहे, सध्या अमेरिकेत, पॅथॉलॉजी विभागातच पीएचडी चालू, चौथं वर्ष. इथे संध्याकाळ आहे म्हणून ही वेळ.

परदेशाबद्दल विचारलंय म्हणून. इथे पॅथॉलॉजीतली पीएचडी म्हणजे भिंगाखाली रिपोर्टिंग शिकणं नव्हे. रोग कसा होतो याच्या मुळाशी जायचं, पेशी वाढवणं, उंदीर, जनुकं, कोडिंग. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे फिरवतात, मग तुम्ही गाइड निवडता आणि गाइड तुम्हाला निवडतो, ही पद्धत मला फार आवडली. दुसऱ्या वर्षाच्या आसपास मोठी तोंडी-लेखी परीक्षा, ती पास झालं की तुम्ही खरे उमेदवार. फी माफ असते, स्टायपेंड मिळतो, एकूण पाच-सहा वर्षं जातात. पण काचपट्टी ताई, इथे पीएचडी करून तुम्हाला इथे रिपोर्टवर सही करता येणार नाही, त्यासाठी यूएसएमएलई ही इथली डॉक्टरांची परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सी हा वेगळाच डोंगर आहे. हे न कळल्यामुळे आलेले आणि नंतर हळहळलेले दोन एमडी मला माहीत आहेत.

आणि खरं सांगू? तुमचा प्रश्न इथे सुटणारा नाही. इथे सबम्यूकस फायब्रोसिसचा एक पेशंट सापडला तर अख्खा विभाग बघायला येईल. तुमच्याकडे तो बसस्टॉपवर उभा आहे. टेक्निक शिकायला सहा महिने-वर्षभर बाहेर जा, पण मटेरियल आपल्या मातीत आहे.

घटप्रभा | १६ जुलै, सकाळी ९.२०

मटेरियल मातीत आहे हे ठीक, पण त्या मातीत पाठपुरावा कसा करणार ते कुणी सांगेल का? माझ्याकडचा अनुभव सांगतो. बायोप्सी माझ्याकडं, ऑपरेशन कोल्हापूरला, रेडिएशनला मुंबई नाही तर मिरज, आणि मधे चार महिने कुणीतरी सांगितलेल्या झाडपाल्याला गेलेले. दोन वर्षांनी फोन लावला तर नंबर बंद. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर पेशंट जगला का, कॅन्सर परत आला का यावर ठरणार ना?

चंदगडी | १६ जुलै, सकाळी ९.५५

शंभर टक्के. आमचं गाव महाराष्ट्रात, दवाखाना बेळगावात, रेशनकार्ड कोल्हापूर जिल्ह्याचं. माझ्या काकांच्या वेळी तपासण्या बेळगावात झाल्या आणि योजनेचं कार्ड महाराष्ट्राचं म्हणून ऑपरेशनला कोल्हापूर. फाईल आम्हीच पिशवीतून नेली. त्या पिशवीत एक्स-रेच्या पाकिटाआड एक छोटी प्लास्टिकची चौकोनी डबी आणि दोन काचा होत्या, आई म्हणत होती हे काय ठेवायचंय, टाकून दे. बरं झालं टाकलं नाही, तिथल्या डॉक्टरांनी पहिलं तेच मागितलं.

मायक्रोटोमवाले_काका | १६ जुलै, सकाळी १०.१२

चंदगडी, तोच ब्लॉक. मेणात बसवलेला तुकडा. तो हरवला की सगळं हरवलं.

वखारीतला_निपाणीकर | १६ जुलै, रात्री ८.४५

मी डॉक्टर नाही. निपाणीचा. आमच्या घरातल्या दोन पिढ्या तंबाखूच्या वखारीत गेल्या, १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात आजोबा रस्त्यावर होते. आज तंबाखू पिकवणाऱ्याची बाजू मला कळते आणि ती खाणाऱ्याचं काय होतं तेही बघितलंय म्हणून लिहितोय.

माझी आत्या मिश्री लावायची. वखारीतल्या सगळ्याच बायका लावायच्या, तव्यावर तंबाखू भाजायची, बारीक करायची, सकाळी दात घासायला आणि मग दुपारी परत, भूक मरते म्हणून. खालच्या हिरडीला जखम झाली ती भरेना. डॉक्टरांनी तुकडा काढायचा म्हटलं तर सगळी भावकी म्हणाली, लोखंड लावू नका, लोखंड लागलं की पसरतंय. पाच महिने गेले. शेवटी मी भांडून घेऊन गेलो. तिथं तिच्यापुढं एक कागद आला, अंगठा दे म्हणाले. कागद कन्नडमध्ये होता आणि खाली इंग्रजीत. आत्याला दोन्ही वाचता येत नव्हतं, मराठी पण जेमतेम, मला कन्नड बोलता येतं पण तसलं छापील वाचून कळत नाही. आत्यानं मला विचारलं, ह्यात काय लिवलंय? मी म्हणालो, काय नाही, तुझ्या बऱ्यासाठी हाय. खोटं बोललो, कारण मला माहीतच नव्हतं. नंतर कळलं त्यात तुकड्याचा उरलेला भाग संशोधनाला वापरू का असं पण विचारलं होतं.

आत्या वर्षभरात गेली. तिचा तुकडा कुठल्या तरी संशोधनाला लागला असेल तर मला बरंच वाटेल. पण तिला विचारून लागला असता तर जास्त बरं वाटलं असतं. मॅडम, तुम्ही केलंत तर एवढं करा.

काचपट्टी | १६ जुलै, रात्री ९.१०

दादा, वाचलं. दोनदा वाचलं. हे मी नक्की करणार.

मलप्रभा | १६ जुलै, रात्री ९.५०

निपाणीकर, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. आयसीएमआरची २०१७ ची नीतितत्त्वं स्पष्ट सांगतात की संमती त्या माणसाला कळेल अशा भाषेतच घ्यायची, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची आणि निःपक्ष साक्षीदार हवा. आपल्या भागात याचा अर्थ कन्नड आणि मराठी दोन्ही. भाषांतर केलं की दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करवून घ्यायचं आणि मूळाशी ताडून बघायचं. माझ्या वेळी मी मराठी फॉर्ममध्ये टिश्यूला "ऊती" लिहिलं होतं, पुस्तकात असतं तसं. पहिल्याच आजींनी विचारलं, ऊती म्हणजे उवा का गं बाई?

येळ्ळूरकर | १६ जुलै, रात्री ९.५५

😂 मग काय लिहिलंत?

मलप्रभा | १६ जुलै, रात्री १०.०१

"मांसाचा लहान तुकडा". संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीने एका बैठकीत पास केलं.

शहापूरची_सून | १६ जुलै, रात्री १०.२०

कन्नड फॉर्मचं पण असंच असतं बरं का. माझं माहेर बैलहोंगलचं, सासर मराठी. छापील कन्नड आणि आमच्या गावाकडचं कन्नड यात पण जमीन-अस्मान. गाठीला आमच्याकडं साधं गड्डे म्हणतात, फॉर्मवर भलताच संस्कृत शब्द. काचपट्टी, कन्नड मसुदा मला पाठवा, मी आईला फोनवर वाचून दाखवते, तिला कळला तर सगळ्यांना कळेल.

आकडेमोड | १७ जुलै, दुपारी १२.३०

मी बायोस्टॅटिस्टिक्समधला. संशोधक माझ्याकडे शेवटी येतात, डेटा गोळा झाल्यावर, ही माझी जन्माची तक्रार. काचपट्टी तुम्ही आत्ताच या.

दोन-तीन गोष्टी. खोली हा मिलिमीटरमधला सलग आकडा आहे, त्याला कप्पा (kappa, दोघांची उत्तरं किती जुळतात ते सांगणारा आकडा) लावू नका, दोन निरीक्षकांमधला फरक बघायला इंट्राक्लास कोरिलेशन (दोघांची मोजमापं किती जुळतात ते) आणि ब्लँड-ऑल्टमनचा आलेख (दोघांत किती अंतर पडतं ते). कप्पा कुठे वापरायचा तर आक्रमणाचा पॅटर्न कुठला, फायब्रोसिस आहे की नाही, असल्या खणांत टाकायच्या गोष्टींना. तुम्हाला दिसलेलं ४.६ आणि ५.३ हे सरासरीत किरकोळ वाटेल पण ५ ची रेषा मधे आहे म्हणून ते महत्त्वाचं, ब्लँड-ऑल्टमनमध्ये ते लगेच दिसतं.

दुसरं, घटप्रभा सरांचा पाठपुराव्याचा मुद्दा बरोबर आहे, पण उत्तरपण आहे. जगण्या-मरण्याचा शेवट पीएचडीत घेऊच नका. गळ्याच्या गाठीत पसरलंय का नाही हे ऑपरेशनच्याच स्पेसिमेनमध्ये कळतं, त्याला पेशंटच्या मागे फिरावं लागत नाही. तो मुख्य परिणाम धरा. नमुना किती लागेल ते त्यावरून काढू, साठ ही संख्या आपल्याकडे सगळ्या थीसिसमध्ये कुठून येते देव जाणे.

आणि लांब पाठपुरावा आपल्या देशात झालेलाच नाही असंही नाही. मुंबईच्या टीआयएफआरच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या) दंतसंशोधन गटाने केरळात एर्नाकुलमला सबम्यूकस फायब्रोसिसचे ६६ रुग्ण १७ वर्षं पाहिले, त्यातल्या ५ जणांना कॅन्सर झाला, ७.६ टक्के. १९८५ मध्ये छापलं. आजही जगभर तोच आकडा सांगतात. ६६ माणसं, पण सोडली नाहीत.

घटप्रभा | १७ जुलै, दुपारी १.४०

गाठींचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बरोबर आहे.

तीन_वर्षांनी_सोडली | १७ जुलै, रात्री ११.३०

नावातच आलंय. मी नॉन-क्लिनिकल, कुठलं विद्यापीठ ते लिहीत नाही. तीन वर्षं आणि दोन महिने. सोडायचं कारण विषय नव्हता. माझे गाइड दुसऱ्या राज्यात गेले, नवीन गाइडना माझा विषय नको होता, अँटिबॉडीचे पैसे मंजूर व्हायला अकरा महिने लागले, आणि आल्यावर कळलं की ज्या ब्लॉकवर लावायच्या ते ब्लॉक वर काकांनी सांगितले तसे होते. एका रात्री चाळीस स्लाइड रंगवल्या, चाळीसच्या चाळीस फिकट. कंट्रोलची, म्हणजे पडताळ्यासाठी बरोबर ठेवलेली, स्लाइड मात्र सुंदर तपकिरी. म्हणजे माझं काम बरोबर होतं, तुकडे गेलेले होते. त्या रात्री मी घरी आल्यावर कुणाशी बोललो नाही.

घाबरवायला लिहीत नाहीये. नाव नोंदवायच्या आधी दहा ब्लॉक उचला आणि ते चालतात का बघा. गाइड किती वर्षांत रिटायर होणार ते विचारा, लाजू नका. को-गाइड कागदावर घ्या. आणि पैसे कुठल्या खात्यातून येणार ते लेखी घ्या. मी यातलं एकही केलं नव्हतं. मला आज कुणी परत विचारलं तर मी परत करीन, या चार गोष्टी करून.

मायक्रोटोमवाले_काका | १८ जुलै, सकाळी ६.४०

चाळीस स्लाइडचं वाचून वाईट वाटलं. तुमची चूक नव्हती बाळ. असं किती जणांचं बघितलंय.

चंदगडी | १८ जुलै, सकाळी ८.१५

सोडली दादा, परत सुरू करायची असली तर करा. बेळगावात आलात तर कुंदा माझ्याकडून.

मलप्रभा | १८ जुलै, दुपारी २.२०

एक आठवण, विषयाला धरूनच. वसंत रामजी खानोलकर, आपल्याकडे भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात ते, लंडनहून एमडी होऊन आलेले. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, तिथली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी धोतराच्या कॅन्सरवर लिहिलं. धोतर कंबरेला जिथे घट्ट आवळलं जातं तिथे वर्षानुवर्षं घासून होणारा त्वचेचा कॅन्सर. हा प्रश्न लंडनमध्ये बसून कुणालाच पडला नसता, तिथे धोतर कुणी नेसत नव्हतं. मी हे लेक्चरमध्ये दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मुलांचे डोळे चमकतात. काचपट्टी, तुझी सुपारी आणि निपाणीकरांच्या आत्याची मिश्री त्याच घरातली आहे. तुझ्या तुलनेत तिसरा गटही ठेव, नुसती मिश्री लावणाऱ्या बायकांचा. हिरडीचा कॅन्सर हाडाजवळ असतो, तिथे खोली मोजणं अजूनच अवघड, पण या बायका कुठल्याच आकडेवारीत नीट येत नाहीत.

घटप्रभा | १८ जुलै, रात्री १०.५०

दोन दिवस विचार करतोय. माझं पहिलं लिहिलेलं मागं घेत नाही, पैशाचं गणित खरंच आहे आणि मॅडमनी ते घरच्यांबरोबर बसून करावं. पण मिश्रीवाल्या बायकांचं वाचून मी आज माझं रजिस्टर काढलं. बारा वर्षांची रजिस्टरं आहेत, हातानं लिहिलेली, व्यवसाय हा रकाना मी सुरुवातीपासून ठेवलाय कारण माझे वडील शाळामास्तर, त्यांनी सांगितलेलं की माणूस काय करतो ते लिही. "वखार" असं लिहिलेल्या बायका निघतायत. ब्लॉक सगळे माझ्याकडं आहेत, कोरडे आहेत, कपाटात कापूर ठेवतो. तुमच्या एथिक्स कमिटीची परवानगी झाली आणि योग्य कागद झाले तर बघायला या. काम माझ्या नावावर नको, फक्त शेवटी काय निघालं ते मला सांगायचं.

वखारीतला_निपाणीकर | १८ जुलै, रात्री ११.०५

सर 🙏 वखारीतल्या बायकांशी बोलायचं असलं तर मी बरोबर येतो. मिश्री कधीपासून, दिवसातनं किती वेळा, हे त्या बाहेरच्या माणसाला सांगत नाहीत, लाजतात. माझ्या आईला सांगतील.

काचपट्टी | २१ जुलै, रात्री ९.४०

उशीर झाला उत्तर द्यायला, पण काही ना काही करत होते.

एक, परवा एका सीनियर प्राध्यापकांना भेटले, गाइड होऊ शकतील अशा. पहिला प्रश्न मी रिटायरमेंटचा विचारला. त्या हसल्या, म्हणाल्या अजून नऊ वर्षं आहेत, आणि हा प्रश्न तुला कुणी शिकवला? मी म्हटलं, ज्यांचं नुकसान झालं त्यांनी. हेड-नेक सर्जन को-गाइड म्हणून तयार होतील असं त्यांना वाटतं, या आठवड्यात बोलणार आहेत. लंबाच्या प्रश्नावर त्या जवळजवळ तासभर बोलल्या, स्वतःच्या जुन्या स्लाइड काढून.

दोन, लॅबच्या मालकांशी बोलले. ना हरकत पत्र देतो म्हणाले, पगार थोडा कमी होईल, आठवड्यातला दीड दिवस मिळेल. बाबांना रात्री कागदावर हिशोब मांडून दाखवला, लॅबच्या कर्जाचा आणि पीएचडीच्या वर्षांचा, दोन्ही. बाबा बराच वेळ कागद बघत बसले आणि मग म्हणाले, तुझी आज्जी पण मिश्री लावायची, तुला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं.

तीन, संमतीपत्राचा मराठी मसुदा लिहिलाय, दीड पान. "मांसाचा लहान तुकडा" मलप्रभा मॅडमकडून उसना घेतलाय. "नाही म्हटलंत तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही" हे वाक्य सगळ्यात वर ठेवलंय, शेवटी नाही. निपाणीकर दादा, तुमच्या आईंना वाचून दाखवाल का? जिथे त्या थांबतील तिथे खूण करा. शहापूरच्या वहिनींना कन्नड मसुदा उद्या पाठवते.

आकडेमोड सर, तुम्हाला मेल करते, डेटा अजून एकही नाही, त्यामुळे तुमची तक्रार राहणार नाही.

घटप्रभा सर, कमिटीचं पत्र हातात आल्यावरच येईन. व्यवसायाचा रकाना ठेवायला सांगणाऱ्या तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

काका, शनिवारी लॅबमध्ये मशीन दुपारी मोकळं असतं, मालकांना विचारलंय. दहा जुने ब्लॉक काढून ठेवलेत, ज्यांचा रिपोर्ट होऊन गेलाय ते, नुसते कापून एच अँड ई करून बघायला, कुठले धड आहेत ते कळेल. याल का?

मायक्रोटोमवाले_काका | २२ जुलै, सकाळी ६.३५

येतो. तीन वाजता. ब्लॉक अर्धा तास आधी बर्फावर पालथे घालून ठेवा, आणि नवं ब्लेड काढू नका, जुन्यावर आधी हात बसवू. पावसात सेक्शन काचेवरनं सुटतात, म्हणून काचा आदल्या दिवशी धुऊन पुसून कोरड्या ठेवा.

काचपट्टी | २२ जुलै, सकाळी ७.०२

ठेवते काका.